जुना बोट ट्रेलर घरच्या घरी नीट करायचाय? रंगाचा डबा लगेच उघडू नका

जुना ट्रेलर दारात आला की पहिला मोह होतो तो गंज घासून झकास रंग मारायचा. थोडं थांबा. रंगाने ट्रेलर फक्त दिसायला नवा होतो, रस्त्यात जो ट्रेलर दगा देतो तो बेअरिंग, टायर नाहीतर कपलर (गाडीच्या मागच्या बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड) यांच्यामुळे देतो. बोट ट्रेलरचं दुखणं बाकीच्या ट्रेलरपेक्षा वेगळं असतं कारण हा बिचारा आधी हायवेवर तापतो आणि मग तसाच गरम असताना पाण्यात, कधीकधी खाऱ्या पाण्यात, चाकांपर्यंत बुडवला जातो. तेव्हा माझा क्रम ठरलेला आहे. आधी सांगाडा तपासायचा, मग जे फिरतं ते, मग जे पकडून ठेवतं ते, मग वायरिंग, आणि रंग जमेल तसा मधल्या टप्प्यावर. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं लिहितोय, ज्यांना येतं त्यांनी पुढे सरका.

आधी ठरवा, वाचवण्यासारखा आहे का

बोट वर ठेवून हे काम होत नाही. बोट पाण्यात बांधून ठेवता आली तर उत्तम, नाहीतर जाड लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, मुख्य भार खालच्या कण्यावर म्हणजे कीलवर येऊ द्या आणि दोन्ही बाजूंना टेकू द्या म्हणजे कलंडणार नाही.

आता हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन ट्रेलरखाली जा. हातोडीने ठोकत ठोकत फिरा. धड लोखंड खणखणीत वाजतं, आतून खाल्लेलं भदभद वाजतं. चौकोनी पाइपचा सांगाडा असेल तर जास्त संशय घ्या, कारण पाणी आत शिरतं आणि बाहेर निघत नाही, बाहेरून रंग छान दिसतो आणि आतून पाइप पापुद्र्यासारखा झालेला असतो. सगळ्यात जास्त लक्ष द्यायच्या जागा म्हणजे स्प्रिंग जिथे सांगाड्याला लटकते ते ब्रॅकेट, आडव्या पट्ट्यांचे जोड, ॲक्सलवर (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) यू-बोल्ट बसतात ती जागा, आणि पुढचा दांडा जिथे मुख्य सांगाड्याला जोडलाय तो कोपरा. वेल्डच्या कडेने केसासारखी बारीक चीर दिसते का बघा, चिरेतून गंजाची तांबडी रेघ ओघळलेली असते त्यावरून कळतं.

स्प्रिंग ब्रॅकेटच्या आसपास स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर माझं स्पष्ट मत, तो सांगाडा सोडून द्या. विंच (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायचा रहाट), दिवे, जॅक, चाकं काढून ठेवा आणि बाकीचं भंगारात घाला. एखादी आडवी पट्टी सडली असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही, ती बोल्टने बदलता येते. मुख्य दांड्यावर वेल्डिंग लागणार असेल तर ते शिकाऊ हाताने करू नका, त्या कामासाठी अनुभवी वेल्डर शोधा, कारण हा जोड तुटला तर मागच्या माणसाच्या अंगावर बोट जाते.

दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे सांगाड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर. दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत, बराच फरक आला तर ट्रेलर कधीतरी आपटून वाकडा झालाय. मग कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा, इथे ३ मिमीच्या वर फरक असला तर ॲक्सल तिरका बसलाय आणि ट्रेलर कुत्रा चालतो तसा तिरका चालणार, टायर एका बाजूने झिजणार.

चेसिस नंबर आणि क्षमता लिहिलेली प्लेट शोधा, फोटो काढा, त्यावर टेप लावून टाका. ग्राइंडर फिरवताना नंबर घासला गेला की कागदपत्रांची जी डोकेदुखी होते ती कुठल्याही गंजापेक्षा वाईट. सांगाड्यात बदल केला तर परत तपासणी लागते का, ब्रेक कुठल्या वजनाच्या वर सक्तीचे आहेत (बऱ्याच देशांत ही रेघ ७५० किलोवर आहे) हे आपापल्या ठिकाणचे नियम बघून आधीच ठरवा, सगळं जोडून झाल्यावर नाही.

वजनाचा हिशेब

हा भाग लोक टाळतात. बोटीच्या कागदावर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या हलचं म्हणजे बोटीच्या रिकाम्या धडाचं असतं. समजा हल ५०० किलो, इंजिन १२०, टाकीत ८० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ६० किलो, बॅटरी २५, नांगर दोर जॅकेटं खोकी मिळून ७५. झाले ७८०. ट्रेलरचं स्वतःचं २२० धरा, आकडा हजारावर गेला. आता ॲक्सल, स्प्रिंग, टायर, कपलर प्रत्येकाची क्षमता वेगवेगळी लिहिलेली असते आणि त्यातली सगळ्यात कमी जी असेल तीच तुमच्या ट्रेलरची खरी क्षमता. हजार किलो ओढायचे असतील तर बाराशेच्या आसपासची सोय असू द्या, काठावर राहू नका.

उचलायचं कसं

सपाट आणि टणक जमीन पाहिजे, मातीवर जॅक रुततो. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून मागून ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि मगच उचला. उचलल्यावर सांगाडा स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रेलरखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक पण चालत नाहीत, ते भाराखाली एकदम फुटतात, आधी चरचर वगैरे काही करत नाहीत.

खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, बोल्ट छोट्या पिशव्यांत घालून त्यावर लिहा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, परत सकाळी मारा. तरीही नाही सुटला तर पान्याला पाइप लावून लोंबकळण्यापेक्षा ग्राइंडरने कापा. यू-बोल्ट तर कापायचेच, ते एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात. गरम करून सोडवायचं असेल तर आजूबाजूला रबर, ग्रीस, ब्रेकचा पाइप नाही ना बघा.

बेअरिंग, इथे वेळ घालवा

तुम्हाला वेळ कमी असेल आणि एकच काम करता येणार असेल तर हे करा. होतं काय, प्रवासात हब (चाकाचा मधला भाग, यातच बेअरिंग बसतं) गरम होतो, आतली हवा प्रसरण पावते, मग बोट पाण्यात उतरवायच्या रँपवर गेल्या गेल्या तो गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि मागचं रबरी सील थोडं जरी झिजलेलं असलं तरी पाणी आत ओढून घेतलं जातं. ग्रीस पांढुरकं दुधाळ दिसलं की समजायचं पाणी शिरलंय. त्यानंतर ट्रेलर दोनतीन महिने उभा राहिला की रोलर जिथे टेकलेत तिथेच गंजाचे डाग पडतात आणि पुढच्या प्रवासात बेअरिंग किंचाळायला लागतं.

चाक काढा, डस्ट कॅप हलक्या हाताने ठोकून काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) आणि वायसर काढा, हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग हब पूर्ण काढा, मागचं सील उचकटून काढा (हे फेकायचं, नवीनच घालायचं) आणि आतलं बेअरिंग काढा. सगळं रॉकेल किंवा डिग्रीझरने धुवा आणि कपड्याने पुसून वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायचा खेळ करू नका, कोरडं बेअरिंग फुटून रोलर गोळीसारखे उडतात.

आता उजेडात बघा. रोलरवर खड्डे, निळसर डाग, रेघा, यातलं काहीही दिसलं तर बेअरिंग बदला. बदलताना नंबर बघून घ्या, तो रिंगवर कोरलेला असतो, उदाहरणार्थ एल४४६४९ हा लहान ट्रेलरवर फार ठिकाणी सापडणारा नंबर आहे. गोल मापावरून अंदाजाने आणू नका. आणि आतला कोन (रोलर असलेला भाग) बदलला तर हबमध्ये बसलेला बाहेरचा कप पण त्याच्याच जोडीचा नवीन घाला, जुन्या कपात नवीन रोलर चालवणं म्हणजे पैसे वाया.

जुना कप मागच्या बाजूने पितळी किंवा मऊ लोखंडी पंचने आलटूनपालटून ठोकून निघतो. नवीन कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर किंचित आकसतो आणि सहज बसतो. निमुळता भाग बाहेरच्या दिशेला उघडणारा पाहिजे, ठोकताना एका बाजूने वाकडा होऊ देऊ नका, आणि तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो, तिथे थांबायचं.

ॲक्सलचं टोक म्हणजे स्पिंडल पण तपासा. सील जिथे घासतं तिथे चर पडला असेल तर नवीन सील पण गळणार. बारीक एमरी पेपरने साफ होण्याइतकं असेल तर ठीक. स्पिंडल निळा पडला असेल, म्हणजे कधीतरी प्रचंड तापला होता, तर ॲक्सल बदलायची तयारी ठेवा.

ग्रीस मरीन दर्जाचं घ्या, पाण्याने धुवून न जाणारं, एनएलजीआय २ जाडीचं. दोन वेगळ्या प्रकारची ग्रीसं मिसळू नका, काही एकमेकांत गेली की पातळ होऊन वाहून जातात, म्हणूनच जुनं सगळं धुवायला सांगितलं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कडा त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटीतून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. गोल फिरवत सगळीकडून करा. नुसतं वरून फासलं म्हणजे भरलं असं होत नाही.

आतलं बेअरिंग बसवा, त्यावर नवीन सील, त्याची स्प्रिंगवाली ओठाची बाजू आत ग्रीसकडे, आणि सपाट लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू ठोका. सीलच्या ओठाला ग्रीसचं बोट लावा. हब स्पिंडलवर चढवा, बाहेरचं बेअरिंग, वायसर, नट.

नट आवळणं ही खरी मेख आहे, चाकाच्या नटासारखं कचकचून आवळलं तर बेअरिंग तापून जळतं आणि सैल ठेवलं तर चाक डुगडुगतं. हब हाताने फिरवत फिरवत नट बऱ्यापैकी आवळा (६८ न्यूटन मीटरच्या आसपास, टॉर्क पाना असेल तर) म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा. मग फक्त बोटांनी आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवा, आवळून नाही. पिन नेहमी नवीन. शेवटी हब पकडून हलवा, अगदी जाणवेल न जाणवेल इतका खेळ पाहिजे आणि फिरवला की हब मोकळा, आवाज न करता फिरला पाहिजे. उत्पादकाने वेगळी पद्धत दिली असेल तर त्याचंच ऐका.

डस्ट कॅपच्या जागी स्प्रिंगवाले बेअरिंग प्रोटेक्टर बसवणं ही मला सगळ्यात वसूल वाटणारी सुधारणा. त्यात ग्रीस स्प्रिंगच्या थोड्याशा दाबाखाली राहतं म्हणून हब थंड झाला तरी पाणी आत येत नाही. पण ग्रीसगन मिळाली म्हणून दर वेळी पंप मारत बसू नका, जास्त दाबाने मागचं सीलच बाहेर निघतं आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला आणि ब्रेकवर उडतं. चाकाच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसले तर हेच झालंय. आणि प्रोटेक्टर लावलेत म्हणून वर्षातून एकदा हब उघडून बघायचं चुकत नाही.

स्प्रिंग आणि ॲक्सल

कमानपाटे गंजून फुगले असतील, पाटे एकमेकांपासून पापुद्र्यासारखे सुटले असतील तर नवीन घ्या, दुरुस्ती वगैरे नाही. घेताना लागणारी मापं अशी, दोन्ही टोकांच्या डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी, पाट्याची रुंदी, पाटे किती, आणि मागचं टोक डोळ्याचं आहे की घसरणारं. दोन्ही बाजू एकदमच बदला. यू-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या, थोडे थोडे चारही नट आळीपाळीने आवळा, आणि पहिल्या प्रवासानंतर परत आवळून बघा कारण नवीन स्प्रिंग बसताना ढिली होतेच.

काही ट्रेलरना पाटे नसतात, ॲक्सलच्या नळीत रबर असतं आणि बाजूला हात असतो. तो टॉर्शन ॲक्सल. त्याचं रबर गेलं की हात वर झुकून राहतो, चाक मडगार्डला लागायला येतं. हे घरी उघडून होत नाही, अख्खा ॲक्सल बदलावा लागतो, आणि त्या नळीवर वेल्डिंग करायचं नाही, आतलं रबर जळतं.

ब्रेक

थोडक्यात सांगतो कारण ब्रेक हा वेगळा मोठा विषय आहे. बोट ट्रेलरवर बहुतेक वेळा धक्क्यावर चालणारे ब्रेक असतात, म्हणजे गाडी थांबली की ट्रेलर पुढे सरकतो, कपलर दाबला जातो आणि त्यातून ब्रेक लागतात. ड्रम उघडताना आतली धूळ फुंकायची नाही, जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. लोखंडी ब्रेक पाइप गंजला असेल तर तेवढाच तुकडा जोडत बसू नका, पूर्ण लाइन नवीन टाका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, जुनं सगळं काढून नवीन भरा आणि नीट हवा काढा. यात हात बसलेला नसेल तर जोडल्यावर मेकॅनिककडून एकदा तपासून घ्या. इथे लाज बाळगू नका.

गंज आणि रंग

आता ग्राइंडर काढा. गॉगल, हातमोजे, धुळीचा चांगला मास्क. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून शंका असेल तर कोरडं घासू नका, ओलं घासा, आणि मुलंबाळं, कुत्री-मांजरी लांब ठेवा.

ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड असेल, म्हणजे राखाडी जस्ताचा थर असेल, तर तो सगळा घासून काढायचा वेडेपणा करू नका. तो थर लोखंडाच्या आधी स्वतः गंजतो आणि लोखंडाला वाचवतो. जिथे तांबडा गंज आलाय तेवढंच वायर ब्रशने चकचकीत करा, पुसा, आणि जास्त जस्त असलेला झिंक पेंट दोन हात मारा. गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी त्या जागेचा जस्त घासून काढा आणि मोकळ्या हवेत करा, जस्ताच्या धुराने रात्री ताप थंडी भरते, वेल्डर लोकांना हे चांगलं माहीत असतं.

साधा लोखंडी सांगाडा असेल तर सुटे पोपडे, खपल्या सगळ्या काढा, ग्रीस डिग्रीझरने धुवा, खड्ड्यात राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते घट्ट बसलेल्या पातळ गंजावरच काम करतं, सुट्या पोपड्यांवर लावलं तर काही उपयोग नाही. मग दोन हात इपॉक्सी प्रायमर आणि वर टॉपकोट. हार्डनर मिसळायचा टू-के पीयू रंग फार टिकाऊ पण त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, घरी साध्या मास्कवर स्प्रे करायचा तो प्रकार नाही. ब्रशने लावायचा चांगला मरीन इनॅमल घ्या, थोड्या ब्रशच्या रेघा दिसतील, ट्रेलर आहे, लग्नाचा हॉल नाही.

सांगाडा पूर्ण सुटा केलाच असेल आणि पत्रा जाड असेल तर हॉट-डिप गॅल्व्हनाइझिंगचा विचार जरूर करा. तिथे सगळं लोखंड सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. त्याआधी प्रत्येक बंद पाइपला भोकं पाडावी लागतात, आत अडकलेलं पाणी त्या तापमानाला स्फोट करतं, भोकं कुठे किती ते प्लांटवाल्यांनाच विचारा. परत आल्यावर बोल्टच्या आट्यांत जस्त भरलेलं असतं, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करायचं.

पाइपच्या आतलं विसरू नका. गोड्या पाण्याने आतून भरपूर धुवा, चार दिवस वाळू द्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायचं भोक नसेल तर पाडा, आणि लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा. बाहेरच्या रंगाने आयुष्य वाढतं त्यापेक्षा याने जास्त वाढतं असं मी मानतो.

बंक आणि रोलर

बोट ज्या लांब फळ्यांवर बसते ते बंक. फळी कुजली की नाही ते गालिचा वर करून बघा, वरून कळत नाही. नवीन फळी प्रक्रिया केलेली घ्या, पण बोट ॲल्युमिनियमची असेल तर जपून, त्या प्रक्रियेत तांबं असतं आणि तांबं ओलाव्यात ॲल्युमिनियमला खातं. अशा बोटीला प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा साध्या चांगल्या लाकडाला सील करून वापरा. गालिचा मरीनचा, सिंथेटिक, आणि स्टेपल स्टेनलेसचे, ते पण खालच्या बाजूला. बोल्टचं डोकं फळीत खोल बसलं पाहिजे, हलला टेकता कामा नये.

बंकचं मागचं टोक बोटीच्या मागच्या भिंतीपर्यंत, ट्रान्समपर्यंत आलंच पाहिजे. इंजिनाचा सगळा भार तिथे असतो, बंक आखूड पडला तर हलला कालांतराने बाक येतो आणि मग बोट वेगात नाक दाबून चालते.

बोट ज्यांच्यावरून सरकते ते काळे रबरी रोलर चपटे होतात आणि हलवर डाग सोडतात, पॉलियुरेथेनचे टिकतात. रोलरच्या पिना पण बदला, त्या मधोमध झिजून बारीक होतात आणि बाहेरून दिसत नाहीत. एक इशारा, घसरत्या प्लॅस्टिक पट्ट्या किंवा नवीन रोलर लावले की बोट आधीपेक्षा फार सहज सरकते, त्यामुळे पाण्यात टेकेपर्यंत विंचचा पट्टा सोडायचा नाही, नाहीतर बोट काँक्रीटवर.

वायरिंग

जुनं वायरिंग जोडत बसू नका, सगळं काढून नवीन टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढची कित्येक वर्षं डोक्याला ताप नाही. सीलबंद एलईडी दिवे, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, या तीन गोष्टी घ्या.

नव्वद टक्के दिव्यांचं दुखणं म्हणजे अर्थिंग असं मी सरळ धरून चालतो. कंपनीने सांगाड्यालाच अर्थ केलेलं असतं आणि बोल्ट गंजला की करंटला परतीचा रस्ता सापडत नाही. इंडिकेटर लावला की टेल लाइट मंद होतो, किंवा ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी लुकलुकतं, हे सगळं त्याचंच लक्षण. म्हणून प्रत्येक दिव्यापासून प्लगपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा. वायर जिथे लोखंडाच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. रंगांचा क्रम आणि प्लगच्या पिना देशागणिक बदलतात, आपल्या गाडीच्या सॉकेटचा नकाशा बघून जोडा. नवीन गाड्या एलईडीचा कमी करंट बघून बल्ब गेलाय असं सांगतात, त्यासाठी वेगळा मॉड्यूल मिळतो.

कपलर, साखळी, विंच

कपलरवर बॉलचं माप कोरलेलं असतं. ५० मिमी आणि २ इंच म्हणजे ५०.८ मिमी, दिसायला एकच, पण एक दुसऱ्यावर वापरू नका, मापाला माप जुळलंच पाहिजे. लॅच लावल्यावर पुढच्या जॅकने दांडा उचलून बघा, गाडीचं मागचं टोक बरोबर उचललं गेलं तर कपलर खरंच धरून आहे. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्यावर पडतो, रस्त्यावर नाही.

विंचचा पट्टा उन्हाने कडक झाला असेल, कडा उसवल्या असतील तर बदला. विंचची ताकद बोटीच्या वजनाच्या निम्मी तरी पाहिजे, रँप तीव्र असेल तर जास्त. ओढून झाल्यावर बोटीच्या नाकाची कडी पुढच्या रोलरच्या जरा खाली यायला पाहिजे. आणि विंच हे प्रवासात बोट बांधायचं साधन नाही. नाकाला वेगळी साखळी आणि मागे दोन पट्टे, हे वेगळं.

टायर

नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं. बोट ट्रेलरचा टायर चालून कमी आणि उभा राहून जास्त मरतो. बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाचसहा वर्षं झाली, बाजूला चिरा दिसायला लागल्या की बदला. ट्रेलरसाठीचेच टायर घ्या, त्यांची बाजू भाराला कडक असते, आणि एका ॲक्सलवर रेडियल आणि साधा मिसळू नका. हवा टायर गार असताना, भाराप्रमाणे टायरवाल्याच्या तक्त्यातली. स्टेपनी ठेवाच, आणि ती काढायचा पाना ट्रेलरच्या नटाला बसतो का ते घरीच बघा, गाडीचा पाना बऱ्याचदा बसत नाही.

बाकी सुधारणा काय कराव्या तर मागचे उभे गाइड पोल, ते असले की बुडालेला ट्रेलर दिसतो आणि वाऱ्यात बोट सरळ येते, आणि चाकवाला चांगला पुढचा जॅक. घडी होणारा दांडा जागा कमी असेल तरच. रंगीत दिवे, क्रोमची मडगार्डं वगैरे तुमची हौस.

तोल साधणं आणि पहिली फेरी

बोट परत चढवली, टाकी भरली, सामान ठेवलं की कपलरवर किती वजन येतं ते मोजा. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्क्यांच्या आसपास येऊ द्या, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधली कमाल मर्यादा ओलांडू नका. फार कमी झालं तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे हलायला लागतो आणि तो आवरत नाही. घरच्या वजनकाट्याने मोजता येतं. एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर, विटेपासून काटा जेवढ्या अंतरावर असेल त्याच्या एक तृतीयांशावर, विटेच्या बाजूला, दांडा टेकवा, फळीचं वजन आधी वजा करा आणि आलेल्या आकड्याला तीनने गुणा. ट्रेलर सपाट उभा पाहिजे. वजन कमी असेल तर विंचचा खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या, पण बंक ट्रान्समखाली राहतो ना ते परत बघा, नसेल राहत तर ॲक्सल मागे सरकवा.

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरने, मग बोटीसह जवळपास. १५-२० किलोमीटरवर थांबा आणि हबला हात लावा. कोमट असला तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका, बेअरिंग फार आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. एकच हब गरम असेल तर शोधायला सोपं. चाकाचे नट तारा पद्धतीने (ओळीने नाही, एकानंतर समोरचा असे) आवळलेले असतात, ते पहिल्या ८० किलोमीटरच्या आसपास परत टॉर्क पान्याने बघा, नवीन रंग लागलेल्या चाकाचे तर नक्की सैल होतात.

रँपवर पोचल्यावर लगेच बुडवू नका, बोटीचं सामान लावेपर्यंत हब थोडे गार होऊ द्या, आणि जुने बल्बवाले दिवे असतील तर प्लग काढून मग पाण्यात. खाऱ्या पाण्यातून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पाइपच्या आत, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणि ब्रेकवर पाणी गेलं पाहिजे, नुसता वरून पाइप फिरवून होत नाही. गाडीत एक डबा कायमचा ठेवा, ग्रीस भरून तयार बेअरिंगचा एक जोड, सील, स्प्लिट पिना, ग्रीसगन, जुने कपडे, आणि झाकणाच्या आत मार्करने तुमच्या बेअरिंगचे आणि सीलचे नंबर लिहून ठेवा.